एक मोडेम, तीन बिऱ्हाडं

१

अकराशे चाळीस माणसांचा श्वास चोरीला गेलाय, हे रविवारी सकाळी उघडकीस आलं.

श्वास म्हणजे आकडे. गिरणीच्या दवाखान्यात दर सहा महिन्यांनी आम्ही एका नळीत फुंकायचो आणि काटा कुठवर जातो ते लिहून घेतलं जायचं. नऊ वर्षं. माझे आकडे मला पाठ आहेत. पहिल्या वर्षी चारशे ऐंशी, आत्ता दोनशे सत्तर. कापसाच्या धुळीनं आमच्या छात्या खाल्ल्या, हे सांगणारा दुसरा पुरावा जगात नव्हता. गिरणीचा डॉक्टर तर प्रत्येकाच्या कागदावर 'धूम्रपान' लिहायचा. ज्यानं आयुष्यात विडीकाडी ओढली नाही त्याच्याही. आमच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात अलेक्झांड्रियाच्या कोर्टानं नेमलेली समिती बुधवारी ती फाइल न्यायला येणार होती.

मी पिंजणखात्यात होतो. दवाखान्याचे आकडे सांभाळणारी अफाफ दारातनं हातवारे करत होती. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी बाहेर गेलो.

"बयूमीभाऊ, फाइल नाही."

"कुठली फाइल?"

"फुंकायची. गेली. आहे ती रिकामी आहे."

"टेपवर प्रत असेल ना?"

"टेप शनिवारी संध्याकाळी भरते. रिकामी फाइलच उतरवून घेतलीय तिनं. आधीची पुसून." मग ती खाली उकिडवी बसली. "आणि कार्यालयातले म्हणतायत, मीच केलं. मंगळवारी दुपारी बारापर्यंत कबूल नाही केलं तर पोलीस."

सव्वीस वर्षांची पोरगी. डिसेंबरमध्ये कामाला लागलेली. घरात आंधळी आई. आमच्याकडे पोलीस ठाण्यात गेलेली बाई सुटून आली तरी सुटत नाही. गल्ली तिला सोडत नाही.

मी युनियनच्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "मी कायद्याचा माणूस, मला तुमच्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. एक बाई पाठवतो. तोंडाची फाटकी आहे. चालेल?"

२

मदाम इफ्फत सोमवारी सकाळी नऊला आल्या. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या, आता निवृत्त. हातात प्लास्टिकची पिशवी, पायात पुरुषी चपला. दोन दिवस त्यांच्याबरोबर फिरता यावं म्हणून मी दुपारची पाळी मागून घेतली होती.

"यंत्र दाखव," त्या म्हणाल्या.

यंत्र म्हणजे कपाटाएवढी काळी पेटी. एकच. पण तिच्या पोटात तीन पार्टिशनं पाडलेली. एक कार्यालयाचं, एक गिरणीचं, एक दवाखान्याचं. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं असावीत तशी. ज्याची त्याची चूल वेगळी, एकाच्या घरातलं दुसऱ्याला दिसत नाही. बाहेरच्या जगाशी बोलायला मोडेम मात्र एकच, आणि तो कार्यालयाच्या पार्टिशनला जोडलेला. बाकीच्या दोघांनी आतल्या वाटेनं जाऊन तोच वापरायचा.

"म्हणजे तीन बिऱ्हाडांत एक नळ," मदाम म्हणाल्या. "भांडणं होत असतील."

"होतात ना. म्हणून वही ठेवलीय."

कार्यालयाच्या भिंतीला दोरीनं बांधलेली वही. ज्याला मोडेम हवा त्यानं आपलं नाव आणि वेळ लिहायची. त्या वेळात बाहेर फोन लावायचा की बाहेरून येणारा घ्यायचा, हे ज्याची पाळी तो ठरवणार. यंत्र स्वतः एवढंच नोंदवतं की मोडेम चालू होता, आणि नाव दर वेळी कार्यालयाचंच लावतं. कोणत्या बिऱ्हाडानं पाणी भरलं ते नळाला कुठे कळतं?

शनिवारच्या पानावर दोनच नोंदी होत्या.

हज्ज मेतवल्ली, गिरणी, १२:१० ते १२:२५.

अफाफ, दवाखाना, १:०० ते १:३०.

दवाखान्याच्या पार्टिशनमध्ये फाइल पुसल्याची नोंद होती दुपारी १:२० ची. बाहेरून मोडेमवर कुणीतरी आलं होतं आणि दुरुस्तीवाल्यांसाठी ठेवलेल्या सामाईक परवलीच्या शब्दानं आत शिरलं होतं.

"एक वीसला पाळी कुणाची?" कार्यालयाचं पार्टिशन सांभाळणारा इंजिनियर थरवत मागे येऊन उभा राहिला होता. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तराचा वास. "वाचता येतं ना, मदाम? दार तिनं उघडलं. पाहुणा तिचा."

"तुम्ही कुठे होता एक वीसला?"

"मॅनेजरसाहेबांबरोबर जेवत होतो. बारा माणसं होती टेबलावर. नावं देऊ?"

"द्या की," मदाम म्हणाल्या. "आणि जेवायला काय होतं तेही सांगा. बारा साक्षीदार तयार ठेवून जेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय."

थरवत हसला. त्याला राग येत नसे. ज्याच्या हातात सगळं असतं त्याला राग कशाला येईल?

३

अफाफ दवाखान्याच्या मागच्या खोलीत होती. समोर फुलची, शिजवलेल्या वालांची, वाटी तशीच, पावाला हात लावलेला नाही.

"वहीत एक ते दीड लिहिलंस. मोडेम घेतलास?" मदामनी थेट विचारलं.

"नंबर आधीच लावून ठेवतात सगळे. मीही सकाळीच लिहिलं. कैरोच्या विमा कचेरीला महिन्याचा अहवाल पाठवायचा होता. एकला पाहिलं, मोडेम मोकळा होता, पण अहवालच तयार नव्हता. सव्वाला घ्यायला गेले तर गुंतलेला. मला वाटलं इंजिनियरसाहेब वापरतायत. मग एक चाळीसला मिळाला."

"वहीत खोडून दुरुस्त का नाही केलंस?"

"कुणीच करत नाही, मदाम."

"तुझ्या पाळीत दुसरा घुसला तर भांडली का नाहीस?"

अफाफनं मान खाली घातली. "सहा महिन्यांची नोकरी माझी. इंजिनियरसाहेबांशी भांडू?"

मदामनी सुस्कारा सोडला. "बरं. ते फुल खा आधी. उपाशी माणूस निर्दोष दिसत नाही."

मग आम्ही हज्ज मेतवल्लींकडे गेलो; मक्केला जाऊन आलेल्या माणसाला आमच्याकडे 'हज्ज'च म्हणतात. ते गिरणीचं पार्टिशन सांभाळायचे. हजेरी, पाळ्या, रजा सगळं त्यांच्याकडे. बासष्ट वर्षांचे. चौतीस वर्षांपूर्वी पिंजणखात्यात लागलेले, माझ्या बापाबरोबरचे. युनियनच्या पहिल्या संपात त्यांचा दात पडला होता. गिरणीत कुणी खोटं बोलतोय म्हटलं की लोक विचारायचे, "हज्ज काय म्हणतात?"

"या, बसा," ते म्हणाले आणि यंत्राच्या पडद्याकडे नजर टाकून वरकाम करणाऱ्या बाईला हाक मारली. "अजून दहाही वाजले नाहीत, मदामना चहा आण. पुदिना घालून."

मदामनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"शनिवारी मोडेम घेतला होता तुम्ही?"

"घेतला. बारा दहा ते बारा पंचवीस. लिहिलंय की." त्यांना खोकला आला. आमच्या सगळ्यांना येतो तसाच, तळातून, ओला. "हजेरीचं काम होतं."

"बाहेर लावला की बाहेरून घेतला?"

हज्जनी चहाचा पेला उचलला. "हजेरीचं काम होतं," ते पुन्हा म्हणाले.

बाहेर आल्यावर मदाम म्हणाल्या, "हा माणूस खोटं बोलतो का रे?"

"हज्ज? सूर्य पश्चिमेला उगवेल, मदाम."

"मग एकच उत्तर दोनदा का दिलं त्यानं?"

"म्हातारा आहे."

"मी त्याच्यापेक्षा मोठी आहे," त्या म्हणाल्या.

४

मंगळवारी सकाळी साडेनऊला त्या गिरणीच्या फाटकासमोरच्या कॅफेत बसल्या होत्या. अफाफलाही मी घेऊन आलो होतो. तिच्या आईनं रात्रभर कुराण लावून ठेवलं होतं म्हणे. मुलीला नेलं की घर बंद पडेल, एवढं त्या आंधळ्या बाईला कळत होतं.

"एक्स्चेंजमध्ये माझी एक जुनी मैत्रीण आहे," मदाम म्हणाल्या. "शनिवारी मोडेमच्या लाइनवर किती फोन झाले ते तिनं पाहून दिलं. पाठ आहे मला. लिहून दाखवते. कागद आहे का रे?"

मी खिसे चाचपले. रविवारची हजेरीची चिठ्ठी निघाली. त्यांनी ती पालथी घालून पाठीवर लिहिलं.

"बाहेरून आलेला फोन. एक दहा ते एक पंचवीस. बाहेर गेलेला फोन, कैरोला, एक चाळीस ते एक अठ्ठेचाळीस. संपलं. दिवसभरात तिसरा नाही."

"बघा!" अफाफ म्हणाली. "एक चाळीसचा माझा."

"तुझाच. पण थरवत म्हणेल दोन्ही तुझेच. आधी चोराला आत घेतलं, मग अहवाल पाठवला. तुझी पाळी, तुझी मर्जी." मदामनी पेन्सिल वाजवली. "मला खटकतंय ते वेगळंच. बारा दहाचा फोन कुठाय?"

मला पटकन कळलं नाही.

"अरे, हज्जनी मोडेम घेतला म्हणे, बारा दहा ते बारा पंचवीस. एक्स्चेंजला विचारलं तर बारा वाजता त्या लाइनवर माशीसुद्धा बसली नाही. आता एक तर तुझे हज्ज खोटारडे—"

"नाहीत."

"—किंवा त्यांनी मोडेम घेतला, पण बारा दहाला नाही." बोलता बोलता त्यांनी चिठ्ठी उलटली आणि छापील बाजू वाचली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "बयूमी, रविवारी तू किती वाजता कामावर आलास?"

"भोंग्याला. सातला पाच कमी."

"मग इथे पाच पंचावन्न का छापलंय?"

मी हसलो. खरंच हसलो. "ते होय? गिरणीचं पार्टिशन अल्लाच्या वेळेवर चालतं, मदाम."

"म्हणजे?"

"एप्रिलमध्ये सरकार घड्याळं एक तास पुढे करतं ना, हज्ज नाही करत. ते म्हणतात, वेळ अल्लाची, मंत्रिमंडळाची नाही. प्रत्येक पार्टिशनला आपापलं घड्याळ असतं, त्यामुळे त्यांचं अडत नाही. आम्ही भोंग्यावर येतो, पगार तासांवर निघतो. तासभर इकडे छापला काय नि तिकडे छापला काय. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नव्हतं ठाऊक," अफाफ हळूच म्हणाली. ती डिसेंबरात लागलेली. हा तिचा गिरणीतला पहिला उन्हाळा.

मदाम माझ्याकडे वळल्या. "मूर्खा," त्या म्हणाल्या. "दोन दिवस माझ्याबरोबर हिंडतोयस."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि चहा तोंडातच राहिला. जे रोजचं असतं ते माणूस सांगत नाही. अफाफला तुरुंगात पाठवायला निघालेला एक तास माझ्या खिशात होता आणि मला तो दिसला नाही.

"वहीत हज्जनी लिहिलेले बारा दहा म्हणजे आपले एक दहा," मदाम म्हणाल्या. "हज्जचे बारा पंचवीस म्हणजे आपले एक पंचवीस. एक्स्चेंजचा फोनही अगदी तोच. मोडेम एकच आहे. एका वेळी दोघांच्या हातात असूच शकत नाही. हज्जच्या हातात होता तर अफाफच्या नव्हता."

अफाफ रडायला लागली. मी मात्र हज्जचा पडलेला दात आठवत बसलो.

५

हज्जनी आम्हाला पाहिलं आणि यंत्राचा पडदा बंद केला. मदामनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. फार बोलावं लागलं नाही.

"मला सांगण्यात आलं, पंधरा मिनिटं मोडेम घे आणि येणारा फोन उचलू दे," हज्ज म्हणाले. "दुरुस्तीवाले हजेरी तपासणार आहेत. मी उचलू दिला. कोण आलं, कुठल्या पार्टिशनमध्ये शिरलं, मला काय दिसणार? माझ्या घरात तर कुणी आलंच नाही."

"कुणी सांगितलं?"

ते उठून दार लोटून आले.

"हज्ज, कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"थरवतनं."

"त्याला तुमचं घड्याळ माहीत आहे?"

"दर एप्रिलला तोच येऊन चेष्टा करतो. 'हज्ज, अल्लाला कळवलंत का सरकारचा नवा हुकूम?'"

मदाम खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे ठरवून तुम्हाला निवडलं. तुमची नोंद तासभर आधीची वाचली जाणार आणि खाली या पोरीचं नाव लिहिलेलं. स्वतः बारा माणसांत जेवायला बसला. हुशार आहे, हलकट."

"तुम्हाला कळलं कधी?" अफाफनं विचारलं. तिचा आवाज अगदी सपाट होता.

हज्जनी चिठ्ठी परत मदामकडे सरकवली.

"रविवारीच कळलं ना? फाइल गेली म्हणून ओरडत मी तुमच्या दारावरनंच पळाले होते. हज्ज, माझी आई तुमच्यासाठी दुआ मागते. तुम्ही मला दाराशी बोलावून चहा पाजायचात."

"माझा मुलगा फाटकावर नोकरीला आहे," हज्ज म्हणाले. "सात वर्षं दर वर्षी नवा करार. कायम करतो म्हणालेत."

"आणि तुमचे आकडे? तुम्हीही त्या नळीत फुंकलंय!" मी ओरडलो. ओरडताना मला खोकला आला, त्यांनाही आला. दोघे खोकत राहिलो.

"चला वर," मदाम म्हणाल्या. "हे सगळं मॅनेजरसमोर सांगायचं. थरवतचं नावही. सांगाल ना?"

हज्जनी मान हलवली. होकाराची होती. मी शपथेवर सांगतो.

६

मॅनेजरच्या खोलीत बर्फासारखी थंडी होती. मदामनी सगळं मांडलं. वही, एक्स्चेंजच्या वेळा, घड्याळ, एक मोडेम. एकही शब्द जास्त नाही. थरवत तर असा मन लावून ऐकत होता की जणू शिकतोय.

"फोन कुठल्या नंबरावरून आला?" मॅनेजरनं विचारलं.

"ते तिनं दिलं नाही," मदाम म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पेन्शन आहे तिला. कोर्टानं मागितलं तर द्यावं लागेल."

"हं. हज्ज?"

हज्ज उभे राहिले. "चूक माझी," ते म्हणाले. "मोडेम माझ्याकडे होता. बाहेर लावायच्या ऐवजी येणारा उचलायला लावला गेला. म्हातारपण. घड्याळही मीच बदललं नाही."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही. कुणी नाही."

"हज्ज!" मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

थरवतनं फाइलमधून एक टाइप केलेला कागद काढला. टाइप केलेला! आम्ही जिना चढायच्या आधीच तयार होता. मदामनी गुन्हेगार शोधला असता तर हा कागद, नसता शोधला तर अफाफ. त्यांच्याकडे दोन्हीची सोय होती.

कागदात लिहिलं होतं की एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या अनवधानाने मोडेम उघडा राहिला, अज्ञात बाहेरच्या व्यक्तीमुळे फाइल नष्ट झाली, तिची प्रत कुठेही नाही, आणि यात कंपनीच्या कुणाचाही हेतू नव्हता. खाली दवाखान्याच्या पार्टिशनची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याच्या सहीची जागा.

"तुमचा तपास उत्तम आहे, मदाम," मॅनेजर म्हणाला. "मुलगी निर्दोष. आम्हाला आनंदच आहे. तिनं सही केली की तक्रार मागे. उद्या समितीला हाच कागद देऊ."

"आणि नाही केली तर?" अफाफनं विचारलं.

"तर प्रश्न उरतोच ना, बाळ. परवलीचा शब्द बाहेरच्याला कुणी दिला? तो तुझ्याकडेही होता. ते मग पोलीस विचारतील."

"करू नकोस," मदाम म्हणाल्या. "कोर्टात चल. मी येते. नंबर काढायला लावू."

"किती दिवस लागतील?"

एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला कोर्टाचे दिवस ठाऊक होते.

"आणि तोवर मी कुठे असेन?"

मॅनेजरनं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यासमोर ठेवलं. घड्याळात बाराला पाच कमी होते. फाटकाशी जीप येऊन थांबल्याचा आवाज मी ऐकला. खरंच जीप होती की नाही, देव जाणे.

अफाफ माझ्याकडे वळली. "बयूमीभाऊ, त्या फाइलीत तुम्ही आहात. तुमचा बाप आहे. तुम्ही सांगा."

माझा बाप त्या फाइलीत पहिली तीन वर्षं होता. तीनशे दहा, दोनशे तीस, दीडशे. मग नव्हता.

मी अकराशे चाळीस माणसांच्या वतीनं तिथे उभा होतो. युनियनच्या कमिटीवर निवडून दिलेला. मला सांगायला हवं होतं की सही केलीस तर फाइल मुद्दाम पुसली हे कधीच सिद्ध होणार नाही, आम्ही मेलो. ते खरंही होतं. पण तिच्या ओठाला फुलमधल्या वालाचा एक कण चिकटलेला होता, सकाळी मदामनी पुन्हा बळंच खायला लावलं होतं त्याचा, आणि मला दुसरं काही दिसेना.

"कर सही," मी म्हणालो.

तिनं केली. नाव पूर्ण लिहिलं, बापाचं नावही लिहिलं, शाळेतल्या मुलीसारखं.

जिन्यात मदाम इफ्फतनी मला थांबवलं. "मी चोर दाखवला," त्या म्हणाल्या, "आणि तू त्याला पावती दिलीस."

"तुम्ही काय सांगितलं असतं तिला?"

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं शिवी घालतील. त्या कठड्याला धरून पायऱ्या उतरत गेल्या, एक एक, आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

दोन वाजता माझी पाळी होती. मी गेलो.